आजच्या प्रयोगात तिच्याऐवजी…

२०२५च्या उन्हाळ्यात लंडनच्या आर्गाइल स्ट्रीटवर रात्री नऊच्या सुमारास गर्दी जमायची. ऑक्सफर्ड सर्कसच्या भुयारी स्टेशनातून वर आलेली, हातात खरेदीच्या पिशव्या असलेली माणसं लंडन पॅलेडियम थिएटरसमोर माना वर करून उभी राहायची. थिएटरच्या दर्शनी सज्ज्यात पांढऱ्या झग्यातली एक नटी यायची आणि ‘एविटा’ या म्युझिकलमधलं सर्वांत गाजलेलं गाणं रस्त्यावरच्या लोकांना ऐकवायची. फुकट. आत तिकीट काढून बसलेल्यांना तेच दृश्य पडद्यावर थेट दिसायचं. पैसे आम्ही मोजायचे आणि गाणं मात्र रस्त्याला, अशी काहींची कुरकुरही छापून आली.

बातम्यांत नाव झळकलं ते हॉलिवूडच्या रेचेल झेग्लरचं. पण ठरावीक प्रयोग बेला ब्राउन या दुसऱ्या गायिकेकडे होते. त्या रात्री सज्ज्यात ती उभी राहायची. झगा तोच, गाणंही तेच.

योगायोग असा, की त्याच जून महिन्यात ब्रिटनच्या राजाच्या वाढदिवसानिमित्त जाहीर झालेल्या सन्मानांच्या यादीत इलेन पेज हिचं नाव ‘डेम’ म्हणून आलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, १९७८मध्ये, हे गाणं रंगमंचावर सर्वांत आधी गायली ती इलेन. पॅलेडियमपासून सोहो भागातून चालत गेलं, तर दहा-पंधरा मिनिटांत ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरचं प्रिन्स एडवर्ड थिएटर लागतं. तिथेच तो पहिला प्रयोग झाला. पण ‘सर्वांत आधी’ हे अर्धंच खरं आहे. रेकॉर्डवर ते गाणं तिच्या आधी दुसऱ्याच गायिकेने गाऊन ठेवलं होतं, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊनही आलं होतं.

या अंकासाठी ‘बदली’ हा विषय ठरला, तेव्हा सरकारी बदल्या, शिक्षकांच्या बदल्या आणि बँकेतल्या बदल्या डोळ्यांसमोर येणं साहजिक होतं. पण लंडनच्या वेस्ट एंडमध्ये बदली हाच धंद्याचा पाया आहे, आणि इलेन पेजची पन्नासहून अधिक वर्षांची कारकीर्द हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. तिला ब्रिटिश म्युझिकलची ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. प्रत्यक्षात ती कितीतरी वेळा दुसरी, तिसरी किंवा चौथी होती.

आठवड्याला आठ

आपल्याकडे मुख्य नट आजारी पडला, की बहुधा प्रयोगच रद्द होतो. तिकीटबारीवर पैसे परत मिळतात, लोक चार शब्द बोलतात आणि घरी जातात. वेस्ट एंडमध्ये असं क्वचितच घडतं. मोठं म्युझिकल एकाच थिएटरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतं. आठवड्याला आठ प्रयोग होतात, त्यांतले दोन सहसा दुपारचे. ऑर्केस्ट्रा, कपडेपट, यंत्रावर सरकणारा सेट आणि थिएटरचं भाडं हा सगळा खर्च प्रयोग होवो न होवो चालूच राहतो. त्यामुळे माणूस आजारी पडू शकतो, प्रयोगाला ती मुभा नसते.

एका माणसाच्या मागे किती माणसं उभी असतात, हे बाहेरून कळत नाही. अंडरस्टडी रोज समूहात छोटी भूमिका करतो आणि मुख्य भूमिका पाठ करून ठेवतो. त्याच्या तालमी दुपारी होतात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. स्विंगचं काम सर्वांत अवघड. त्याला रोजची जागाच नसते, पण समूहातल्या अनेकांच्या जागा त्याला येत असतात. कोण कुठून आत येतं, कोणत्या मात्रेला वळतं, कोणाच्या हातात ट्रे असतो आणि कोणाला उचलायचं असतं, याच्या आकृत्या त्याच्या वहीत असतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेवर मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना आकडे लिहिलेले असतात. नर्तक त्या आकड्यांवर उभे राहतात आणि स्विंग ते आकडे पाठ करतो. स्टँडबाय फक्त मुख्य भूमिकेसाठी असतो. तो रोज रंगमंचावर येत नाही, पण हाक आली की क्षणात हजर व्हावं लागतं. आणि आल्टर्नेट म्हणजे ज्याच्या नावावर आठवड्यातले काही प्रयोग आधीच लिहिलेले असतात तो. २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत आलेलं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ ज्यांनी पाहिलं, त्यांना क्रिस्टीनची भूमिका आठवत असेल. १९८६मध्ये लंडनला ते पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हाही सारा ब्राइटमनच्या जोडीला क्लेअर मूर ही आल्टर्नेट होती. ते सूर आठवड्यातून आठ वेळा एकाच गळ्यातून काढणं धोक्याचं, हे निर्मात्यांनी पहिल्या दिवसापासून धरूनच चालायचं ठरवलं होतं.

पडदा वर जाण्याच्या पस्तीस मिनिटं आधी ‘हाफ’ची हाक होते. साडेसातचा प्रयोग असेल, तर सात वाजायला पाच कमी असताना. तोवर नट थिएटरात आला नसेल, तर स्टेज मॅनेजर अंडरस्टडीला तयारीला लावतो. मग पंधरा मिनिटांची हाक, पाचाची हाक आणि शेवटी ‘बिगिनर्स’, म्हणजे पहिल्या प्रवेशातल्यांनी विंगेत यावं. आपल्या तीन घंटांचंच हे थोडं लांबवलेलं रूप. फक्त इथे शेवटच्या घंटेआधी कोण गाणार हे बदलूही शकतं. बदललं, तर प्रवेशदालनात पाटी लागते किंवा कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी सरकवलेली असते: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. महागडं तिकीट काढून बसलेला प्रेक्षक ती चिठ्ठी वाचून निःश्वास सोडतो, आणि विंगेत कोणाच्या तरी पोटात गोळा येतो.

बार्नेटची मुलगी

इलेन बिकरस्टाफ हिचा जन्म ५ मार्च १९४८चा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या बार्नेटचा. वडील घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात, आई टोप्या बनवणारी. उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे नायिका म्हणून निवड करणाऱ्याने पहिल्याच नजरेत नापास करावी अशी. आइडा फॉस्टर यांच्या नाट्यशाळेत ती शिकली. बिकरस्टाफ हे आडनाव पाटीवर शोभणारं नव्हतं. नवं आडनाव शोधायला ती टेलिफोन डिरेक्टरी चाळत बसली आणि शेवटी चाळायच्या पानांवरूनच ‘पेज’ उचललं, अशी हकीकत ती सांगत आली आहे.

१९६४मध्ये एका फिरत्या म्युझिकलमध्ये रस्त्यावरच्या पोरांपैकी एक म्हणून तिचा व्यवसायात प्रवेश झाला. ते नाटक वेस्ट एंडला पोचलंच नाही. इलेन पोचली १९६८च्या सप्टेंबरमध्ये, शाफ्ट्सबरी थिएटरातल्या ‘हेअर’मधून. त्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्याच दिवशी ब्रिटनमधली नाटकांची सरकारी सेन्सॉरशिप संपली होती. लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीला संहिता दाखवण्याची दोनशे वर्षांहून जुनी सक्ती उठली, आणि लांब केसांची हिप्पी पोरं मंद उजेडात काही क्षण नागडी उभी राहिली. इलेन त्या घोळक्यात होती आणि नायिकेची अंडरस्टडीही होती. ‘हेअर’ जवळपास दोन हजार प्रयोग चाललं आणि १९७३मध्ये थिएटरचं छत कोसळल्यामुळे थांबलं.

मग ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’चा समूह. मग ड्रुरी लेनवरच्या न्यू लंडन थिएटरात ‘ग्रीस’. तिथे नायकाच्या भूमिकेत आधी रिचर्ड गेअर नावाचा एक तरुण अमेरिकी होता. इलेन आली ती नंतर, नायिका सँडीच्या जागी. ही तिची वेस्ट एंडमधली पहिली मोठी भूमिका, आणि ती आली बदली म्हणून. थिएटरचं नाव लक्षात ठेवलेलं बरं. पुढे याच रंगमंचावर तिला आणखी एक बदली मिळायची होती.

१९७४मध्ये मायकेल क्रॉफर्डबरोबर ‘बिली’ झालं. त्यानंतर मात्र काम आटलं. तिशीच्या उंबरठ्यावर तिने हा व्यवसाय सोडून लहान मुलांच्या संगोपनाचं प्रशिक्षण घ्यायचा गंभीरपणे विचार केला होता. आज मागे वळून पाहताना हे गमतीचं वाटतं, पण त्या वयात, त्या उंचीच्या, नाव नसलेल्या गायिकेने असा विचार करणं अगदी शहाणपणाचं होतं.

आधी रेकॉर्ड, मग रंगमंच

अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या जोडीची रीत अशी होती, की आधी गाण्यांची रेकॉर्ड काढायची आणि ती चालली तर नाटक उभं करायचं. ‘एविटा’ची रेकॉर्ड १९७६ची. अर्जेंटिनाच्या एका खेड्यातली मुलगी नटी होते, राष्ट्राध्यक्षाची बायको होते, गरिबांची देवी होते आणि तेहेतिसाव्या वर्षी कॅन्सरने मरते. ही खरी एवा पेरॉन. रेकॉर्डवर तिचा आवाज ज्यूली कविंग्टनचा. तिचं गाणं १९७७च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. साहजिकच भूमिका तिला देऊ केली गेली. तिने नकार दिला.

मग शोध सुरू झाला. दिग्दर्शक होता न्यूयॉर्कचा हॅरल्ड प्रिन्स. निवडचाचण्या महिनोन् महिने चालल्या आणि वर्तमानपत्रं त्यावर रकाने भरत राहिली. शेवटी निवड झाली ती लोकांनी नावही न ऐकलेल्या इलेन पेजची. २१ जून १९७८ला पडदा उघडला आणि दुसऱ्या दिवशी ती स्टार झालेली होती. त्या वर्षीचा म्युझिकलमधल्या सर्वोत्तम अभिनयाचा वेस्ट एंडचा पुरस्कार, म्हणजे आजचा ऑलिव्हिए, तिलाच मिळाला.

ही भूमिका गळा फाडणारी म्हणून बदनाम आहे. बोलण्याचा छातीतला आवाज तसाच ताठ ठेवून वर चढवत न्यायचा, याला ‘बेल्ट’ म्हणतात. शास्त्रीय पाश्चात्त्य गायिका एका टप्प्यावर आवाज डोक्यात वळवते. एवाला ते परवडत नाही, कारण ती भांडते आहे, मागते आहे, गर्दीवर आवाज टाकते आहे. इलेनचा आवाज धारदार आहे आणि कमावलेल्या पॉलिशपेक्षा त्यात हट्ट जास्त आहे. तिच्या टीकाकारांना हीच धार खटकते. एवासाठी मात्र तीच हवी होती. सुमारे वीस महिने ती हे गायली, आणि मग जागा दुसरीला मिळाली. लंडनचा प्रयोग तिच्याशिवाय आणखी सहा वर्षं चालला.

ब्रॉडवेवर तिला ही भूमिका मिळालीच नाही. अमेरिकी नटांच्या संघटनेचा आग्रह अमेरिकी नटीसाठी होता. १९७९मध्ये न्यूयॉर्कला एवा झाली पॅटी लुपोन. तिने टोनी पुरस्कार पटकावला, पण दुपारचे प्रयोग टेरी क्लॉसनर या आल्टर्नेटकडे गेले. लुपोनचं नाव पुढे वारंवार येणार आहे, कारण या दोघींच्या कारकिर्दी अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरून एकमेकींच्या जागा घेत पुढे सरकत राहिल्या.

टाचेमागची शीर

१९८१मध्ये लॉइड वेबर टी. एस. एलियटच्या मांजरांवरच्या बालकविता घेऊन ‘कॅट्स’ हे म्युझिकल उभं करत होता. पैसे लावायला लोक तयार नव्हते, म्हणून त्याने स्वतःचं घर दुसऱ्यांदा गहाण टाकलं. ग्रिझाबेला या म्हाताऱ्या, कळपाने टाकून दिलेल्या मांजरीच्या भूमिकेसाठी जूडी डेंच ठरली होती. जूडी डेंच म्हणजे मुळात अभिनेत्री. तिने गाणं बोलल्यासारखं गावं आणि ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा, अशी कल्पना.

तालमीत तिच्या टाचेमागची शीर तुटली. प्लास्टर घालून ती परतली, तर उतरत्या फळीवरून खाली गेली. पहिला प्रयोग तोंडावर आला होता. इलेनला फोन गेला.

ती सांगते ती कथा अशी, की या फोनच्या थोडं आधी रेडिओवर तिने एक धून ऐकली, ती मनात रेंगाळली, आणि घरी परतताना एक काळी मांजर आडवी आली. तिने मांजर घरात घेतली. आपल्याकडे काळं मांजर आडवं गेलं, की लोक चार पावलं मागे सरतात. इंग्लंडमध्ये ते शुभ मानतात. कथा कितपत सजवलेली आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. नाटकवाल्यांना अशा कथा लागतातच.

न्यू लंडन थिएटरात ती परत आली, सात-आठ वर्षांपूर्वी सँडी केली होती त्याच रंगमंचावर. बाकीची मांजरं कित्येक आठवडे नृत्यदिग्दर्शिका जिलियन लिनकडे रांगणं, उडी मारणं आणि पाठ ताणणं शिकत होती. इलेनला ती चैन नव्हती. एका अर्थी ते भूमिकेच्या पथ्यावरच पडलं, कारण ग्रिझाबेलाही कळपाबाहेरचीच आहे. ती येते, इतर मांजरं अंग आक्रसून बाजूला होतात, ती निघून जाते. दोन-अडीच तासांच्या खेळात तिच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आहेत, आणि लोक तीच लक्षात ठेवून घरी जातात.

त्याचं कारण ‘मेमरी’ हे गाणं. त्याचे शब्द दिग्दर्शक ट्रेव्हर नन याने एलियटच्याच एका प्रौढ कवितेच्या आधाराने लिहिले. टिम राइसनेही त्या चालीवर शब्द रचले होते आणि काही दिवस ते गायलेही गेले. शेवटी ननचे राहिले. म्हणजे या गाण्यात गायिका बदलली आणि शब्दांचीही अदलाबदल झाली. ११ मे १९८१च्या उद्घाटनाच्या रात्री बॉम्ब ठेवल्याची धमकी आली आणि थिएटर रिकामं करावं लागलं. त्यानंतर ‘कॅट्स’ बरोबर एकवीस वर्षं चाललं, ८,९४९ प्रयोग. ‘मेमरी’ची इलेनची रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. थिएटरचं नाव २०१८मध्ये बदलून ‘जिलियन लिन थिएटर’ झालं. राजघराण्याबाहेरच्या स्त्रीचं नाव मिळालेलं हे वेस्ट एंडमधलं पहिलं थिएटर.

जूडी डेंचची ग्रिझाबेला कशी झाली असती, हा प्रश्न लंडनच्या नाट्यवर्तुळात अजून निघतो. तिचं आयुष्य काही अडलं नाही. पण इलेनचं आयुष्य मात्र दुसरीच्या तुटलेल्या शिरेने घडलं, हे नाकारता येत नाही. दैवाचा भाग तेवढाच. कित्येक जणींना असा फोन येतो, त्या गातात आणि चिठ्ठीवरचं नाव चिठ्ठीबरोबर विसरलं जातं. थोड्या दिवसांत भूमिका अशी अंगावर घ्यायची, की ती आधी कोणाला दिली होती हेच लोकांनी विसरावं, ही स्वतंत्र विद्या आहे.

जी जागा तिचीच होती

‘चेस’बाबत मात्र तसं झालं नाही. ‘आबा’ या स्वीडिश गटातले बेनी आणि ब्यॉर्न यांनी टिम राइसबरोबर केलेल्या १९८४च्या रेकॉर्डवर इलेन होती, आणि १९८६मध्ये प्रिन्स एडवर्डमध्ये नाटक उभं राहिलं तेव्हाही तीच होती. या वेळी दिग्दर्शक बदलला. मायकेल बेनेट आजारपणामुळे बाजूला झाला आणि ट्रेव्हर नन आला. दुसऱ्याने बांधलेल्या सेटवर आणि निवडलेल्या नटांवर त्याला स्वतःचं नाटक बसवावं लागलं.

रेकॉर्डवर इलेन आणि बार्बरा डिक्सन यांचं एक द्वंद्वगीत आहे. एकाच पुरुषाबद्दल बोलणाऱ्या दोन बायकांचं. १९८५च्या सुरुवातीला ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. दोघींनी आपापले भाग वेगवेगळ्या वेळी गायले होते, स्टुडिओत समोरासमोर त्या आल्याच नाहीत. रंगमंचावर दुसरी बाई झाली शिवोन मॅकार्थी. ‘एविटा’मध्ये जिला एवा घरातून हाकलून देते ती पोरगेली रखेल तीच, आणि १९९९मध्ये त्याच थिएटरात ‘मम्मा मिया!’ची पहिली डोनाही तीच. वेस्ट एंडमध्ये नटांच्या कारकिर्दी थिएटरांच्या पत्त्यांवरूनही सांगता येतात.

इलेनचाही तिसरा मुक्काम तिथेच पडला. १९८९मध्ये ‘एनिथिंग गोज’मध्ये ती रीनो स्वीनी झाली, टॅप डान्स केला आणि निर्मितीतही भागीदार झाली. न्यूयॉर्कला दोन वर्षांपूर्वी रीनो कोण होती? पॅटी लुपोन.

नॉर्माचा जिना

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या अडेल्फी थिएटरात जुलै १९९३मध्ये ‘सनसेट बुलेवार्ड’ उघडलं. बिली वाइल्डरच्या १९५०च्या सिनेमावरचं हे म्युझिकल. मूकपटांच्या काळातली तारका नॉर्मा डेझमंड, जिला बोलपटांनी बाजूला केलं आणि हे जिने कधी मान्यच केलं नाही. जॉन नेपियरने तिचा अख्खा सोनेरी वाडा रंगमंचावर बांधला होता. तो हायड्रॉलिक यंत्रांवर वर उचलला जायचा, आणि त्या यंत्रांच्या खोड्यांमुळे उद्घाटनाची तारीखच पुढे ढकलावी लागली. वाड्यातला लांबलचक जिना नॉर्मा उतरायची.

बाजूला सारल्या गेलेल्या नटीची ही गोष्ट, आणि तिच्या भूमिकेवरून या व्यवसायातली सर्वांत कटू बदली झाली. लंडनची पहिली नॉर्मा पॅटी लुपोन. ब्रॉडवेवरही तीच असेल असा करार होता. दरम्यान लॉस एंजलिसला ग्लेन क्लोजने नॉर्मा केली, ती गाजली, आणि न्यूयॉर्कसाठी तिची निवड झाली. लुपोनला ही बातमी वर्तमानपत्रातल्या गावगप्पांच्या सदरातून कळली. प्रकरण वकिलांकडे गेलं, भरपाई मिळाली, आणि त्या पैशातून बांधलेल्या पोहण्याच्या तलावाला तिने लॉइड वेबरचं नाव दिलं, ‘स्मृत्यर्थ’ म्हणून. तो तेव्हा धडधाकट होता, आजही आहे. लॉस एंजलिसला क्लोजनंतर फे डनावेची निवड झाली होती. तिचा पहिला प्रयोग होण्याआधीच तिथलं नाटक बंद करण्यात आलं. तीही वकिलांकडे गेली.

लंडनमध्ये लुपोननंतर बेटी बकली आली. १९९४मध्ये तिच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा एकदा इलेनला बोलावणं गेलं. थोड्या तयारीनिशी ती त्या जिन्यावर उभी राहिली. पगडी, लांब घोळदार झगे आणि आत चार फूट अकरा इंचांची बाई. उंच नटी नॉर्माला राणी करते. इलेनची नॉर्मा वाड्याच्या मानाने इतकी लहान दिसायची, की वाडाच तिला गिळत चाललाय असं वाटावं. हे आधी ठरवून केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच परिणामकारक होतं. १९९५मध्ये भूमिका तिला पूर्णवेळ मिळाली. त्या काळात पेटुला क्लार्कने काही आठवडे इलेनची जागा सांभाळली, आणि पुढे तिची नॉर्माही लोकांनी उचलून धरली.

न्यूयॉर्कला क्लोजनंतर पुन्हा बकली, आणि बकलीनंतर पुन्हा इलेन. १९९६च्या सप्टेंबरमध्ये मिन्स्कॉफ थिएटरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिचं ब्रॉडवेवर पदार्पण झालं. एवा आणि ग्रिझाबेला या दोन भूमिकांनी जे दिलं नाही, ते चौथ्या-पाचव्या नॉर्माने दिलं. बेटी बकली हीच ब्रॉडवेची पहिली ग्रिझाबेला होती, हेही इथे नोंदवायला हवं. म्हणजे आधी इलेनची भूमिका बकलीने न्यूयॉर्कला केली, आणि मग बकलीच्या जागी इलेन उभी राहिली.

या सगळ्या काळात न्यूयॉर्कच्या थिएटरात कॅरन मेसन नावाची स्टँडबाय रोज तयार असायची. १९९५मध्ये क्लोज सुट्टीवर गेली, मेसनने भूमिका सांभाळली, आणि त्या काळातली तिकीटविक्री निर्मिती कंपनीने फुगवून जाहीर केल्याचं उघड झालं. स्टारशिवायही गल्ला भरतो, असं दाखवायचं होतं. क्लोजचं संतापलेलं पत्र छापून आलं, कंपनीला चूक कबूल करावी लागली. मेसनच्या गाण्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती.

रेकॉर्डवर न येणारे आवाज

इलेनला त्यानंतरही भूमिका मिळत राहिल्या. २००० साली पॅलेडियममध्ये ‘द किंग अँड आय’ची अ‍ॅना, २००४मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात ‘स्वीनी टॉड’ची मिसेस लव्हेट, २०११मध्ये ब्रॉडवेवर ‘फॉलीज’. २००७मधलं ‘द ड्राउझी शॅपरोन’ लंडनमध्ये दोन-एक महिन्यांत बंदही पडलं. २००४पासून बीबीसी रेडिओ टूवर रविवारी दुपारी ती म्युझिकलमधली गाणी वाजवते. स्कॉटलंडमधली एक अनोळखी बाई २००९मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षकांना म्हणाली, की तिला इलेन पेजसारखं व्हायचंय, आणि सभागृह हसलं. मग सुझन बॉइल गायली. त्या वर्षाच्या अखेरीस दोघी एकत्र गायल्या.

रेडिओवर वाजतात त्या बहुतेक रेकॉर्डी पहिल्या संचाच्या असतात. नाटक उघडलं की काही दिवसांत संच स्टुडिओत जातो आणि ते आवाज कायमचे छापले जातात. नंतर तीच भूमिका पाच वर्षं करणाऱ्याचा आवाज कुठेच राहत नाही. एखादीचं नाव मोठं असेल, तर ती स्वतःचा मार्ग काढते. इलेनने नॉर्माची गाणी १९९५च्या ‘एन्कोर’ या अल्बममध्ये गाऊन ठेवली. बाकीच्यांसाठी उरते ती चिठ्ठी.

कधी कधी त्या चिठ्ठ्यांचीच गंमत होते. २००१मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘माय फेअर लेडी’त एलायझा होती मार्टिन मॅककचन. तिचे इतके प्रयोग चुकले, की अंडरस्टडी अलेक्झांड्रा जे हिला सतत उभं राहावं लागलं, आणि तीही आजारी पडली तेव्हा अंडरस्टडीची अंडरस्टडी केरी एलिस आली. प्रोफेसर हिगिन्स झालेल्या जोनाथन प्राइसने एका प्रयोगात प्रेक्षकांना सांगितलं, की कोणाला एलायझा करायची असेल तर अर्ज दारावर मिळतील. पुढच्या वर्षीचा ऑलिव्हिए मॅककचनलाच मिळाला.

केरी एलिस तिथून पुढे निघाली. २००६मध्ये अपोलो व्हिक्टोरिया थिएटरात ‘विकेड’ आलं. ए. आर. रहमानचं ‘बॉम्बे ड्रीम्स’ दोन वर्षांपूर्वीपर्यंत जिथे चालू होतं, तेच हे थिएटर. नायिका अमेरिकेहून आलेली इडिना मेन्झेल आणि तिची स्टँडबाय केरी. काही महिन्यांत मेन्झेल परतली आणि नायिका असलेल्या चेटकिणीचा हिरवा रंग केरीच्या तोंडाला लागला. ही भूमिका पूर्णवेळ करणारी पहिली ब्रिटिश नटी ती. २००८मध्ये तीच भूमिका घेऊन ती ब्रॉडवेला गेली.

बदली कलाकारांना लोक जाहीरपणे मान देऊ लागले, ते करोनाच्या काळात. डिसेंबर २०२१मध्ये ब्रॉडवेवर ‘द म्युझिक मॅन’ची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. स्विंग म्हणून काम करणाऱ्या कॅथी व्हॉइटकोला आयत्या वेळी उभं केलं गेलं. प्रयोग संपल्यावर नायक ह्यू जॅकमनने प्रेक्षकांसमोर तिचं आणि सगळ्या स्विंगांचं कौतुक केलं आणि ते भाषण जगभर पाहिलं गेलं. एकेका थिएटरात निम्मा संच तापाने पडलेला असताना या वहीवाल्या माणसांच्या जिवावर किती प्रयोग उभे राहिले, हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

‘कॅट्स’ २०१४च्या डिसेंबरमध्ये पॅलेडियममध्ये पुन्हा उभं राहिलं. ग्रिझाबेलासाठी पॉप गायिका निकोल शर्झिंगर आली आणि थोडेच आठवडे थांबली. फेब्रुवारीत तिच्या जागी आली केरी एलिस. शर्झिंगरने पुढे २०२३मध्ये सॅव्हॉय थिएटरात नॉर्मा केली, आणि तिथेही ठरावीक प्रयोग रेचेल टकरकडे होते. ‘एनिथिंग गोज’ २०२१मध्ये बार्बिकनला आलं तेव्हा रीनो होती सटन फॉस्टर. पुढच्या वर्षी ते ब्रिटनच्या दौऱ्यावर निघालं आणि नंतर पुन्हा बार्बिकनला परतलं, तेव्हा केरीने रीनोचे टॅपचे बूट चढवले. ग्रिझाबेलाही झाली आणि रीनोही. इलेनच्या दोन भूमिका तिने अशा केल्या, दोन्ही वेळा दुसरीनंतर येऊन.